गादीकडे पाठ करून बसलेल्या मांजरीची बखर

श्री. विघ्नहर्त्या गजाननास पहिले वंदन, वाग्देवीस दुसरे, आणि गजाननाच्या पायाशी बसणाऱ्या मूषकास हात जोडून तिसरे, कारण पुढील हकिकतीत त्याच्या भाऊबंदांची पुष्कळ हानी झाली आहे, त्याचा त्याने राग धरू नये. शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजित नाम संवत्सर, कार्तिक मास. ते समयी एका डोंगरी राज्यात, ज्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, खासे श्रीमंत गादीवर होते आणि त्यांच्या पदरी तिमाजीपंत रिवाजनवीस होते. चिटणीसाने पत्रे लिहावी, तसे रिवाजनवीसाने रिवाज राखावा: कोणी किती वाकून मुजरा करावा, कोणी गादीपासून किती दूर बसावे, विडा कोणत्या हाताने घ्यावा, आणि निरोप घेऊन जाताना मागच्या पावली दारापर्यंत कसे जावे की उंबऱ्याला अडखळून पडणार नाही. त्या राज्यात सगळेच रिवाज कडक, परंतु दोन अति कडक. गादीकडे पाठ करू नये हा एक, आणि श्रीमंतांसमोर डोळे मिटू नयेत हा दुसरा. दुसऱ्याचे कारण असे की थोरले श्रीमंत, म्हणजे खाशांचे तीर्थरूप, भर दुपारी झोपाळ्यावर डोळा लागला असता घरच्याच माणसाच्या हातून दगा होऊन वारले. धाकटे तेव्हा लहान होते, शेजारीच सारीपाट मांडीत बसले होते. तेव्हापासून त्यांनी माणसांदेखत स्वतःची पापणी जड होऊ दिली नाही आणि दुसऱ्याची झालेली खपवून घेतली नाही. मिटल्या डोळ्यांआड काय शिजते ते कोणास दिसते, असे म्हणत. निजत ते एकटे, दाराला आतून अडसर घालून, आणि तेही थोडके. या रिवाजामुळे म्हातारे सरदार तपकिरीची चिमूट ओढूनच दरबारी येत, आणि डोळ्यांना पाणी सुटून असे बसत की परक्याला वाटावे, श्रीमंतांच्या दर्शनाने यांना गहिवर येतो.

तिमाजीपंतांनी हे सारे बापाकडून घेतले आणि जन्मभर सांभाळले. नगारखान्याच्या बाजूस त्यांचे घर होते. कुटुंब वारून बरीच वर्षे झाली होती, लेक दूर दिली होती, आणि घरात थोरली बहीण भागीरथीआक्का तेवढी होती. पंतांकडे माणसे येत ती कामाला येत, मुजरा शिकून जात, आणि मग दारावरून जाताना आवाज हळू करीत. आक्का म्हणे, "तिमा, तुझ्या ओसरीवर माणूस बसायला घाबरतं रे. मांडी चुकली तर काय घ्या!" पंत म्हणत, "चुकते म्हणूनच सांगतो." असे चालले असता मागल्या साली धान्याच्या कोठीत उंदीर मातले, आणि मग कोठीच्या हवालदाराने खालच्या गावांतून मांजरे टोपल्या भरभरून वर आणविली. त्यांत एक पांढरी मांजरी होती, तिच्या डाव्या डोळ्यावर कवडीएवढा काळा ठिपका होता. तिचे मन कोठीत रमले नाही. ती उठून पंतांच्या ओसरीवर आली आणि ज्या पाटावर कोणी बसत नसे त्यावर बसली, आणि पंतांनी हाकलली, आणि ती पुन्हा आली, आणि आक्कांनी तिला कवडी म्हटले, आणि मग नाव दिलेल्याला हाकलता येत नाही म्हणून ती राहिली. एके सकाळी पंतांनी पगडी उचलली तो आत मेलेला उंदीर. पंत ओरडले, "आक्का, करणी! विसाजीरावाचंच काम आहे हे." विसाजीराव हे श्रीमंतांचे मुतालिक, म्हणजे त्यांच्या वतीने कारभार पाहणारे, आणि रिवाजनवीशीची वस्त्रे आपल्या मेहुण्यास मिळावी अशी त्यांची फार दिवसांची खटपट होती. आक्का चुलीपुढून म्हणाली, "हो तर! विसाजीराव कौलांवरून उतरला, तोंडात उंदीर धरून. शोभेल मेल्याला." तरी पंतांनी पगडीवर गोमूत्र शिंपडले, गुरवाकडून अंगारा आणवला, आणि करणी उलटली असे मानून स्वस्थ झाले. कवडी उंबऱ्यावर बसून हे पाहत होती. तिला काय वाटले ते लिहिणारास ठाऊक नाही.

मग बलिप्रतिपदेचा दरबार आला. पाडव्याचा दरबार म्हणजे वर्षाचा मोठा. सरदार, मानकरी, गावोगावचे पाटील क्रमाने पुढे येत, मुजरा करीत, गादीपुढच्या रुपेरी तबकात नजराणा ठेवीत आणि मागच्या पावली परतत. पंत उजव्या हाताच्या खांबाशी उभे राहून प्रत्येकाची कंबर आणि पावले पाहत होते आणि सर्व यथास्थित होते. तो मोरीच्या वाटेने कवडी आत आली. तोंडात उंदीर, शेपूट ताठ, निशाणाच्या काठीसारखे उभे. सरदारांच्या रांगेतून कोणाकडे न पाहता ती सरळ गादीपाशी गेली, उंदीर तबकात, एका पाटलाने नजर केलेल्या शेल्यावर ठेवला, मग गादीवर चढून श्रीमंतांच्या गुडघ्यास गाल घासला, लोडासही घासला, आणि मग सभेकडे तोंड आणि श्रीमंतांकडे पाठ करून बसून पंजा चाटू लागली. मग तिने मान वळवून श्रीमंतांकडे पाहिले आणि सावकाश, अगदी सावकाश, दोन्ही डोळे मिटले. श्रीमंतांचा हात कट्यारीवर गेला आणि तेथेच राहिला. चेहरा उतरला. ज्यांनी थोरल्यांचे दिवस पाहिले होते, त्यांनी माना खाली घातल्या.

"हे मांजर कोणाचे?" श्रीमंत बोलिले. उत्तर कवडीनेच दिले. गादीवरून उतरून, शेपूट तसेच उभे ठेवून, ती थेट पंतांकडे आली आणि त्यांच्या पोटरीस अंग घाशीत दोन्ही पायांमधून फिरली. विसाजीराव पुढे झाले. "श्रीमंत, माणसाने यातले एक केले असते तर आज त्याची धडगत नव्हती. झेंडा उभारून आली, मेलेले जनावर नजर केले, खाशांचे अंग विटाळले, गादीला पाठ दाखविली आणि वर डोळे मिटले! आणि हे कोणाच्या घरचे वळण, तर रिवाजनवीसांच्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा." सभेत खसखस पिकली. पंतांच्या कानशिलांना जाळ लागला. श्रीमंत म्हणाले, "पंत, रिवाज तुम्ही सांगता. मग सांगा." पंतांनी कवडीकडे पाहिले नाही. म्हणाले, "अपराध उघड आहे. पोत्यात घालून, घाट उतरून, नदीपलीकडच्या रानात सोडावी." "आणि तिची बाजू?" श्रीमंतांनी विचारले, कारण त्या राज्यात बाजू ऐकल्याखेरीज शिक्षा नव्हती, आणि देव, तान्हे मूल, मुका आणि जनावर यांची बाजू रिवाजनवीसाने मांडावी असा जुना नेम होता. विसाजीरावांनी लगेच दुसरा नेम काढला: "खोट्या बाजूस जो उभा राहील, त्याची वस्त्रे उतरवावी, हेही पंतांनीच शिकविले आहे." श्रीमंत म्हणाले, "पौर्णिमेस सांगा. बाजू असेल तर मांडा. नसेल तर नाही म्हणा, आणि मांजर जाईल, तुम्ही राहाल." असे ठरून दरबार बरखास्त झाला, आणि पंत मागच्या पावली गेले, आणि कवडी सरळ पाठ फिरवून गेली.

घरी आल्यावर आक्का म्हणाली, "मग? पोतं शोधायचं ना?" "शोधायचं," पंत म्हणाले. "पौर्णिमेस 'बाजू नाही' म्हणेन. दोन शब्दांचं काम. बापजाद्यांची वस्त्रं मांजरापायी घालवू काय?" "मी कुठं म्हणते घालव? कवडीमोलाचं जनावर. दूध देते मी अन् पाय घासते तुझे, असली कृतघ्न." आणि पोते सापडले, आणि पंतांनी त्याचे तोंड, शिवण, दोरी नीट पाहिली, कारण काम कोणतेही असो, ते नीटच पाहत, आणि मग पोते ओसरीवर वाळत टाकले. कवडी आली. तिने पोते हुंगले, पुढच्या पंजांनी कणीक मळावी तसे ते तुडविले, घुर्रघुर्र आवाज केला, आणि पंतांकडे पाठ करून त्यावर मुटकुळे करून बसली. ज्या पोत्यात घालून तिला नेणार, त्याच पोत्यावर, नेणाराकडे पाठ करून. पंत त्या पांढऱ्या पाठीकडे पाहत राहिले, आणि तेव्हा त्यांना बापाचे दिवस आठवले.

पंत उमेदवारीत असता समुद्रापलीकडचा एक टोपीकर वकील तहासाठी गडावर आला होता. गादीपुढे येताच त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. या राज्यात बोडके डोके म्हणजे सुतक. सभा चमकली, "कोण गेले? कोण गेले?" अशी कुजबुज झाली, आणि चिकाच्या पडद्यामागे एका म्हाताऱ्या मावशीसाहेबांनी तर हंबरडाच फोडला. वकील बिचारा टोपी हातात घेऊन गोंधळला. लढाई जुंपायची वेळ आली, तेव्हा पंतांच्या वडिलांनी दुभाष्यास बाजूस घेऊन विचारले, "तुमच्या मुलखात हा आपल्या धन्यापुढे काय करतो?" दुभाष्या म्हणाला, "हेच." मग वडील हसले आणि सर्व निवळले. घरी येताना ते म्हणाले होते, "तिमा, परक्याचा मुजरा आपल्या मापानं मोजू नये. तो आपल्या माणसांत असताना काय करतो ते आधी पाहावं, मग बोलावं." हे पंतांनी जन्मभर दुसऱ्यांस शिकविले, आणि दरबारात लाज वाटताच स्वतः विसरले. पंत उठले. "आक्का, मी कोठीकडं जातो." "आत्ता? कशाला?" "मांजरांचा दरबार पाहायला." आक्का पदराने तोंड झाकून हसली. "पगडी घालून जा रे बाबा. नाहीतर मांजरं विचारतील, कोण गेलं?"

मग तिमाजीपंत रोज कोठीमागच्या परसात जाऊन उपड्या टोपलीवर बसू लागले, अंगरखा आणि पगडीसह, आणि हवालदाराने आधी विचारपूस केली, मग विचारणे सोडून दिले. पंतांना पाहण्याची सवय होती. जन्म कंबरा आणि पावले पाहण्यात गेला होता, आता शेपट्या पाहू लागले. एक करडी मांजरी कण्यांच्या कणगीमागे व्याली होती. ती शिकार करून येई तेव्हा पिले शेपट्या ताठ उभारून तिच्याकडे धावत. निशाण नव्हे ते. ते "आई, आलीस" होते. शत्रू दिसला तरीही त्यांचे शेपूट उभे राही, परंतु तेव्हा केस फुलून कुंच्यासारखे होत आणि पाठीची कमान होई. आईपुढची शेपटी बारीक, शांत, टोकाशी किंचित वाकलेली, आणि कवडी दरबारात आली ती अशीच आली होती, हे पंतांना स्पष्ट आठवले. पिले दूध पिताना आईच्या पोटावर दोन्ही पंजे आळीपाळीने दाबीत आणि घुर्रघुर्र करीत, आणि आईही घुर्रघुर्र करी, जणू इकडून क्षेम आणि तिकडून क्षेम. पिले थोडी मोठी झाल्यावर आई उंदीर मारून आणी आणि स्वतः न खाता त्यांच्यापुढे ठेवी. पगडी आठवून पंतांनी टोपलीवर बसल्याबसल्या कपाळास हात लावला. "आक्का," घरी येऊन ते म्हणाले, "करणी नव्हती ती. मला शिकार येत नाही असं तिला वाटलं असावं." आक्का म्हणाली, "खोटं काय आहे त्यात?"

पाठीचे कोडे मात्र सुटेना, आणि डोळ्यांचेही नाही. मग एके दिवशी परसात एक काळा बोका बाहेरून आला. करडी आणि तो समोरासमोर उभे राहिले, डोळे वटारलेले, पापणी लवत नाही, आणि दोघांपैकी एकही पाठ वळवीना, कारण वळविली की मानगूट गेले. कितीतरी वेळ असे झाल्यावर बोका तिरका तिरका सरकत निघून गेला. मग करडीची जोडीदारीण, एक लंगडी पिवळी, आली, दोघींनी गालास गाल आणि कपाळास कपाळ घासले, आणि उन्हात बसताना करडीने पाठ पिवळीकडे केली, पिवळीने आपली पाठ तिच्या पाठीस टेकली, आणि मध्येच मान वळवून दोघींनी एकमेकींकडे पाहून डोळे सावकाश मिटले. पंत टोपलीवरून उठले ते बसेचनात. वटारलेला डोळा म्हणजे उपसलेली तलवार, आणि मिटलेला डोळा म्हणजे म्यान. पाठ म्हणजे जी बाजू आपल्याने राखवत नाही ती, आणि ती ज्याच्याकडे केली त्याला ती राखायला दिली. आमच्याकडे ज्याचे भय त्याला पाठ दाखवायची नाही, आणि मांजरांच्या राज्यात ज्याचे भय नाही त्यालाच ती द्यायची. एवढा फरक, आणि त्यापायी एक जीव हद्दपार होत होता.

तरी पंत कच्च्या पुराव्यावर बोलणारे नव्हते. आक्काचे म्हणणे होते की हे सगळे दुधासाठी आहे. "लाड नव्हे, लाडीगोडी!" मग पंतांनी परीक्षा योजिली. दूध स्वयंपाकघरात आक्कांनीच द्यायचे, वाडगे भरून, पोट तट्ट होईस्तोवर, आणि पंतांनी ओसरीच्या पार टोकाला रित्या हाताने बसायचे. कवडी दूध प्याली, मिशा पुसल्या, आक्कांच्या पायास एक ओझरता गाल लावला, आणि मग सारे घर ओलांडून पंतांकडे आली आणि मांडीवर चढून मळू लागली. दुसऱ्या दिवशी पंतांच्या जागी, पंतांचेच उपरणे पांघरून, शेजारचे बापूभट बसविले. कवडी आली, हुंगली, बापूभटांकडे अशा नजरेने पाहिले की ते आपण होऊन उठले, आणि पंत माजघरात पोथीमागे लपले होते तेथे जाऊन उभी राहिली. आक्का दारात येऊन बघत होती. ती म्हणाली, "तिमा, माझं वाडगं रितं झालं तरी उठून तुझ्याकडं येते ती." "हो." "मग दुधाचं नव्हे." पंत म्हणाले, "दुधाचंही असेल. नुसतं दुधाचं नव्हे, एवढं सिद्ध झालं." आक्का म्हणाली, "बाई ग, कौतुकसुद्धा मोजून मापून! ते पोतं काढू का आता ओसरीवरून?" पंतांनी कवडीच्या पाठीवर हात ठेवला. हाताखाली घुर्रघुर्र होत होती. कुटुंब वारल्यापासून त्या घरात पंतांकडे कामाखेरीज कोणी आले नव्हते, हे त्यांना त्या दिवशी पहिल्याने दिसले, आणि दिसले तेच मुळी आता कोणी येत होते म्हणून. "असू दे ते," ते म्हणाले. "तिला आवडतं. आणि आक्का, वस्त्रं धुऊन ठेव. उतरवली तर मळकी नकोत."

कार्तिकी पौर्णिमेस दरबार भरला. पंत कवडीस कडेवर घेऊन आले, हेच मुळी रिवाजाबाहेर होते, आणि सभा टाचा उंच करून पाहू लागली. श्रीमंत रात्रभर निजले नव्हते, डोळे लाल होते. "पंत, बाजू आहे?" "आहे, श्रीमंत." विसाजीरावांनी मेहुण्याकडे पाहिले आणि मेहुण्याने पगडी सारखी केली. मग पंतांनी टोपीकर वकिलाची आठवण दिली, म्हाताऱ्या मानकऱ्यांनी मावशीसाहेबांचा हंबरडा आठवून माना हलविल्या, आणि मग पंतांनी कोठीमागे पाहिले ते जसेच्या तसे सांगितले: शेपूट, गाल, पंजे, उंदीर. विसाजीराव हसून म्हणाले, "म्हणजे ही खाशांस आपले पोर समजते?" पंत म्हणाले, "कधी पोर, कधी आई, कधी बरोबरीची सखी. आम्ही एकाच माणसास चुलता, मामा आणि धनी मानतोच की नाही? तिच्याजवळ आपल्या माणसाशी वागायचे जे जे आहे, ते सगळे ती करते. दुसरे तिच्यापाशी नाही." "दुधाची लाचार आहे, पंत!" "आहे. आणि मुतालिक, वेतन बंद झाले तर उद्या या दरबारात कोण कोण येईल, ते विचारू?" सभेत असा हशा झाला की तपकीर न ओढताही डोळ्यांना पाणी आले. श्रीमंतही ओठातल्या ओठात हसले. "पंत, आणि गादीकडे पाठ?" पंतांनी बोट दाखविले. गादीच्या पायरीवर खासबारदार भाला घेऊन उभा होता, सभेकडे तोंड करून, श्रीमंतांकडे पाठ करून, जसा तो रोज उभा असे आणि कोणी पाहत नसे. "श्रीमंत, या राज्यात एकालाच गादीकडे पाठ करण्याची मुभा आहे. ज्याच्यावर भरवसा आहे त्याला." खासबारदार अवघडला, परंतु वळला नाही.

मग श्रीमंत हळू बोलिले, "आणि डोळे?" पंतांच्या लक्षात आले की सारी बाजू येथे अडली आहे. "श्रीमंत, तिच्या मनात प्रेम आहे असे मी शपथेवर सांगणार नाही. मांजराच्या मनातले मांजर जाणे. मी पाहिले ते इतकेच की जेथे दग्याचे भय, तेथे ती जात पापणीसुद्धा लववीत नाही. आणि जेथे भय नाही, तेथेच सावकाश डोळे मिटते, आणि दुसऱ्यानेही मिटावे अशी वाट पाहते. पाडव्याच्या दिवशी तिने आपणांस सांगितले की येथे मला भय नाही. उत्तर मिळाले नाही म्हणून ती माझ्याकडे आली." एवढे बोलून त्यांनी कवडीस खाली सोडले आणि हात जोडून उभे राहिले. पुढे काय होईल ते त्यांच्या हाती नव्हते. ती मोरीकडे पळाली असती तर तिचे आणि वस्त्रांचे तेथेच संपले असते. कवडीने अंग ताणले, जांभई दिली, शेपूट उभारले, गादीवर गेली, श्रीमंतांसमोर बसली आणि त्यांच्या तोंडाकडे पाहिले. आणि सावकाश डोळे मिटले. आणि उघडले, आणि वाट पाहिली. श्रीमंतांचा हात कट्यारीवर होता. त्यांनी सभेकडे पाहिले, खासबारदाराच्या पाठीकडे पाहिले, आणि मग कट्यारीवरचा हात मांडीवर आला, आणि जो माणूस झोपाळ्याच्या त्या दुपारपासून माणसांदेखत पापणी खाली आणीत नव्हता, त्याने भर दरबारात सावकाश डोळे मिटले. कवडी मांडीवर चढली. जरीच्या अंगरख्यावर मळणे सुरू झाले, घुर्रघुर्र सुरू झाली, ती इतक्या शांततेत खांबाशी उभ्या असलेल्यास ऐकू गेली. श्रीमंतांचे डोळे उघडले नाहीत. कोणास कळेना, काय करावे. मग श्रीमंतांची मान लोडावर कलली आणि श्वास लांब झाला, आणि पंतांनी ओठांवर बोट ठेवून सभेस खूण केली, आणि एवढा मोठा दरबार, सरदार, पाटील, मुतालिक आणि मेहुणे, उभाच्या उभा राहिला. कोणी खोकले नाही. एका जुन्या सरदाराच्या डोळ्यांना पाणी आले होते, आणि त्याने त्या दिवशी तपकीर ओढली नव्हती.

ऊन दुसऱ्या खांबावर गेले तेव्हा श्रीमंत जागे झाले. क्षणभर दचकले, सभेकडे पाहिले, सारे जसेच्या तसे, कोणी जागचे हलले नव्हते. त्यांचा चेहरा धुतल्यासारखा झाला होता. म्हणाले, "मांजर निर्दोष. पंत, वस्त्रे तुमचीच." मग कवडीच्या पाठीवर हात फिरवून म्हणाले, "ही आम्हांस द्या." नाही म्हणण्याचा रिवाज त्या राज्यात नव्हता, आणि असता तरी त्या झोपेनंतर नाही म्हणवत नव्हते. "आपली आज्ञा," ते बोलिले, मुजरा केला, आणि मागच्या पावली निघाले, म्हणून त्यांना कवडी शेवटपर्यंत दिसत होती. मनापुढे घरातला पाट आला, पोते आले, आणि आक्कांना काय सांगावे ते सुचेना. अर्ध्या वाटेवर कवडीने डोके वर केले. श्रीमंतांच्या गुडघ्यास गाल घासला, उतरली, आणि शेपूट उभे, टोक किंचित वाकलेले, अशी सरदारांच्या मधून चालत पंतांकडे आली आणि पायांशी उभी राहिली. विसाजीराव म्हणाले, "श्रीमंत, आज्ञाभंग!" श्रीमंत हसले. मोठ्याने हसले, आणि ते हसू सभेने प्रथमच ऐकले. "मुतालिक, तिला जागा ठाऊक आहे. आमचे काम झाले. पंत, घेऊन जा, परंतु अधूनमधून दरबारी आणीत चला." पंत पुन्हा वाकले आणि मागचे पाऊल टाकणार, तो श्रीमंत म्हणाले, "थांबा. असे नव्हे. आज पाठ करून जा." सभा चपापली. पंतांना वाटले, ऐकण्यात चूक झाली. "पंत, तुमच्याकडून आम्हांस भय नाही, आणि आमच्याकडून तुम्हांस नसावे. वळा." मग तिमाजीपंत रिवाजनवीस, ज्यांच्या घराण्याने गादीकडे कधी पाठ केली नव्हती, हळूच वळले. प्रथमच त्यांना दार समोरून दिसले, त्याची नक्षी दिसली, बाहेरचे ऊन दिसले. पुढे कवडी, मागे ते, असे चालत गेले. त्यांच्या डोळ्यांना पाणी आले ते कोणी पाहिले नाही, कारण पाठ दरबाराकडे होती.

पुढे त्या राज्यात रिवाज पडला की कार्तिकी पौर्णिमेस दरबाराच्या अखेरीस श्रीमंतांनी क्षणभर डोळे मिटावे, सभेनेही मिटावे, आणि मग सर्वांनी पाठ फिरवून घरी जावे. कोठीच्या मांजरांना त्या दिवशी दूध. विसाजीरावांच्या मेहुण्यास मांजरांवरील देखरेख मिळाली, आणि ती त्यांनी बरी केली म्हणतात. आक्का शेवटपर्यंत म्हणत राहिली की मांजर कृतघ्न, आणि वाडगे भरत राहिली. येथवर घडले ते घडले तसे लिहिले. मांजरीस रान मोकळे आहे, उंदीर पुष्कळ आहेत, दारे उघडी आहेत, आणि इतके असून ती येते, आपली न राखवणारी बाजू माणसाकडे करते आणि डोळे मिटते, याचे कारण पंतांनी जेवढे शोधले तेवढे वर आले आहे. उरलेले कारण ज्याच्या मांडीवर बसले आहे त्याने हलू नये, आणि उपकार मानावे. लेखनसीमा.